दुपारच्या झोपेभोवती बांधलेली सुट्टी

सासूबाईंनी लॉजचं दार उघडलं, आत जाऊन स्वयंपाकघरातले कप्पे एकेक करून उघडले, बंद केले आणि म्हणाल्या, "अगं, इथेही आपणच भात लावायचा? मग घरी काय वाईट होतं?"

इंग्लंडमधल्या हॉलिडे पार्कविषयी याहून नेमका प्रश्न मी तरी ऐकलेला नाही. एवढे पैसे भरायचे, दीड-दोन तास गाडी हाकायची, आणि शेवटी पुन्हा ओटा, सिंक आणि खरकटी भांडी. सुट्टी म्हणजे आयतं ताट, असं मानणाऱ्या माणसाला हे पटणं कठीण. पण घरात दीड आणि तीन वर्षांची दोन मुलं असली की आयत्या ताटाचं फारसं सुख लागत नाही. हॉटेलच्या एका खोलीत सातला मुलं झोपवायची, दिवे मालवायचे आणि मग नवराबायकोने बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून, फोनच्या उजेडात, कुजबुजत सँडविच खायचं. हे आम्ही एकदा केलं आहे. तेव्हापासून झोपायच्या खोलीला बंद होणारं दार असणं आणि रात्री अकराला दूध गरम करायला शेगडी असणं, यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नसते. लहान मुलांबरोबरची सुट्टी म्हणजे घरच उचलून दुसरीकडे नेणं. प्रश्न एवढाच की ते कुठे न्यायचं आणि कधी.

या पार्कांचा जन्मच मुळी ब्रिटनच्या पावसातून झाला. बिली बटलिन हा जत्रांमध्ये खेळांचे स्टॉल लावणारा माणूस. वेल्समधल्या बॅरी आयलंडला त्याने सुट्टीवर आलेली कुटुंबं पावसात भिजत रस्त्यांवर फिरताना पाहिली. ज्या घरांत ती उतरलेली असत तिथल्या मालकिणी नाश्ता झाला की त्यांना बाहेर काढत आणि संध्याकाळपर्यंत आत घेत नसत. या लोकांना दिवसभर करमेल अशी जागा हवी, हे त्याच्या डोक्यात बसलं, आणि १९३६ च्या ईस्टरला त्याने स्केग्नेसच्या किनाऱ्यावर पहिला कॅम्प उघडला. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, भरपगारी सुट्टीचा कायदा आला आणि असे कॅम्प कामगार कुटुंबांच्या आवाक्यात आले. पण ही सगळी उन्हाळ्याची गंमत होती. साठ-सत्तरच्या दशकांत स्वस्त विमानं स्पेनला जाऊ लागल्यावर तिलाही ओहोटी लागली.

हिवाळा जिंकला तो डच माणसाने. पिट डेर्क्सन हा खेळाच्या सामानाचा दुकानदार. १९६८ मध्ये त्याने नेदरलँड्सच्या लिम्बुर्ग प्रांतात, रोयव्हर गावाजवळच्या जंगलात, बंगल्यांची वसाहत उभी केली. त्यातूनच पुढे सेंटर पार्क्स झालं. खरी युक्ती सुचली ती १९८० मध्ये, डे एमहोफला: मधोमध एक मोठं छत, आत कोमट पाणी, ताडाची झाडं, आणि बाहेर काहीही पडो, आत बारमाही उन्हाळा. डे एमहोफ आहे फ्लेव्होलँडमध्ये, म्हणजे समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर. ज्यांनी समुद्राला मागे सारलं त्यांना हिवाळा काय अवघड, असं कधीकधी वाटतं. १९८७ मध्ये हीच कल्पना इंग्लंडला शेरवुडच्या जंगलात आली. रॉबिन हूडचं जंगल ते हेच.

म्हणून हिवाळ्यात जागा निवडताना पहिला प्रश्न छताचा. लॉजपासून पायी पोचता येईल असा बंदिस्त, गरम पाण्याचा तलाव आहे का? नसेल तर बाकीच्या सोयी कितीही असोत, जानेवारीत त्या चिखलात उभ्या असतात. दुसरा प्रश्न भिंतींचा. उन्हाळ्यात स्वस्तात मिळणारी कॅरव्हान हिवाळ्यात फसवते. तिच्या भिंती पातळ, खाली उघडी हवा आणि पाण्याचे पाइपही त्याच हवेत. थंडीत ते गोठून फुटू नयेत म्हणून कॅरव्हानवाले हिवाळ्यात पाइपांतलं पाणीच काढून टाकतात. हेव्हनसारख्या साखळीची बहुतेक ठिकाणं नोव्हेंबर ते मार्च बंद असतात, ती काही उगाच नाही. आम्ही पहिल्या वर्षी समुद्रकाठच्या एका छोट्या पार्कमध्ये, नाव सांगत नाही, नोव्हेंबरात कॅरव्हान घेतली होती. हीटर बैठकीच्या खोलीत एकच. रात्री आम्ही चौघं त्याच्यासमोर सोफ्यावर निजलो. मुलीला ती सहल अजून आवडते, कारण सगळे एकाच अंथरुणात होते. मला मानेचं दुखणं आठवतं.

त्यामुळे विटांची किंवा जाड लाकडाची, सेंट्रल हीटिंग असलेली लॉज बघावी. सेंटर पार्क्सची शेरवुड, एल्व्हडन, लाँगलीट, व्हिनफेल आणि वोबर्न ही इंग्लंडमधली पाचही ठिकाणं हिवाळ्यात चालू असतात. वेल्समध्ये पेम्ब्रोकशरला २००८ पासून ब्लूस्टोन आहे. बटलिनच्या नावाची तीन ठिकाणं उरली आहेत, स्केग्नेस, माइनहेड आणि बॉग्नर रीजिस. तिथे शाळांचं सत्र चालू असताना पाचाखालच्या मुलांसाठी खास बेत असतात. जंगलाची शांतता हवी की नाचगाण्यांची धमाल, हा ज्याच्या-त्याच्या कानांचा प्रश्न आहे.

लॉज नेमकी कोणती, हेही फोन करून विचारावं. तळ्याकाठची लॉज फोटोत सुंदर दिसते. पण दीड वर्षाचं मूल आणि अंगणापासून दहा पावलांवर पाणी म्हटलं की घरातल्या एका मोठ्या माणसाची सुट्टी संपली. तलाव-उपाहारगृहांच्या जवळची जागा थोडी महाग पडली तरी घ्यावी, कारण अशा बऱ्याच पार्कांमध्ये सामान उतरवलं की गाडी बाहेरच्या वाहनतळावर न्यावी लागते आणि पुढचे दिवस पायी किंवा सायकलने काढायचे असतात. पाळणा, उंच खुर्ची आणि जिन्याचं फाटक बुकिंग करतानाच मागून ठेवावं. अंगणातल्या गरम पाण्याच्या टबवर मात्र पैसे घालवू नयेत. इतक्या लहान मुलांना त्यात उतरवायचंच नसतं आणि मोठ्यांना उतरायला सवड नसते.

आता 'कधी'. घरात शाळेत न जाणारं मूल आहे, ही अल्पकाळ टिकणारी श्रीमंती आहे. इंग्लंडमध्ये मूल पाच वर्षांचं झालं की त्यापुढच्या सत्रापासून शिक्षण सक्तीचं होतं. मग सत्र चालू असताना विनापरवानगी सहलीला नेलं तर दंड बसतो. ऑगस्ट २०२४ पासून तो दर मुलामागे आणि दर पालकामागे ८० पौंड आहे आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६०. पालकामागे हा शब्द नीट वाचावा. दोन पालक आणि दोन मुलं म्हणजे ३२० पौंड. तरीही अनेक जण हा दंड मोजूनच सहलीला जातात, कारण सुट्टीच्या आठवड्यात त्याच लॉजचं भाडं दुप्पट होतं, कधी त्याहूनही जास्त. तेव्हा शाळा सुरू व्हायच्या आधीची वर्षं वाया घालवू नयेत. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा, किंवा नोव्हेंबरचा मधला, सोमवार ते शुक्रवार. शुक्रवार ते सोमवारच्या तीन रात्रींपेक्षा या चार रात्री बहुतेक वेळा स्वस्त पडतात. फक्त पार्क ज्या भागात आहे तिथल्या शाळांच्या तारखा बघून घ्याव्यात. लेस्टरच्या बाजूची हाफ-टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, पुष्कळदा बाकीच्यांच्या आठवडाभर आधी येते आणि आपण 'शांत आठवडा' म्हणून गाठलेला आठवडा शेजारच्या जिल्ह्याने गाठलेला असतो. जानेवारीत तलावाचा काही भाग दुरुस्तीसाठी बंद असू शकतो, तेही आधीच विचारावं.

डिसेंबरातली रोषणाई आणि सांताक्लॉज हुकतो, असं मैत्रिणी म्हणतात. हुकू द्या. दोन वर्षांच्या मुलाच्या लेखी सांताक्लॉज म्हणजे मोठा आवाज करणारा एक दाढीवाला अनोळखी माणूस. त्याच्या मांडीवर रडणाऱ्या मुलांच्या फोटोंसाठी दुप्पट भाडं भरायचं मला काही कारण दिसत नाही.

मात्र जानेवारी घेतला की अंधारही पदरात येतो. पुण्यात डिसेंबरातही सहापर्यंत उजेड असतो. इंग्लंडच्या दक्षिण आणि मध्य भागात डिसेंबरच्या मध्यावर चारला दहा मिनिटं कमी असताना सूर्य मावळतो, आणि महिनाअखेरीला उगवायलाच आठ वाजून जातात. गंमत अशी की सर्वांत लवकर मावळणारा दिवस २१ डिसेंबर नव्हे, तर त्याच्याही आठवडाभर आधी, १२ तारखेच्या आसपास येतो. त्यामुळे जानेवारीच्या मध्याला संध्याकाळ थोडी लांबलेली असते, चार-सव्वाचारपर्यंत. सकाळ मात्र तेवढीच काळी.

दिवस आखताना या अंधाराची गाठ दुपारच्या झोपेशी पडते. आमच्या घरी मुलं जेवून एकला झोपतात, तीनला उठतात, दूध पिऊन, नॅपी बदलून, बूट चढवून बाहेर पडेपर्यंत पावणेचार. म्हणजे सूर्याला निरोप द्यायला. जंगलातल्या पार्कच्या पहिल्या सहलीत आम्ही सकाळी तलावावर गेलो आणि 'जंगलात दुपारनंतर जाऊ' म्हणालो. तीन दिवसांत जंगल पाहिलंच नाही. आता उलट करतो. साडेनऊ ते साडेअकरा, जे काही आभाळाखालचं आहे ते सगळं: बदकं, काटक्या, डबकी, खेळाचं मैदान. मग जेवण, झोप, आणि उठल्यावर तलाव. छताखाली दिवस मावळला काय आणि न मावळला काय. शिवाय तलावातून आल्यावर वेगळी अंघोळ नको. वरणभात भरवला की सातला मुलं गाढ झोपतात. चार दिवसांच्या आखणीत मला सापडलेली ही एकच खरी क्लृप्ती. बाकी सगळं सामान भरण्याचं शहाणपण.

पहिल्या दिवसाचं तेवढं वेगळं असतं. लॉजची किल्ली साधारण चारला मिळते, म्हणजे अंधारात. पण काही पार्कांमध्ये त्याआधी येऊन तलाव, खेळघर वापरू देतात. पोहण्याची पिशवी गाडीत सगळ्यात वर ठेवावी, सुटकेसच्या तळाशी नव्हे. प्रवास झोपेच्या वेळी करावा. आणि गाडीत बसवताना जाड जॅकेट काढावं, हे मात्र हौसेचं नाही, सुरक्षेचं आहे. फुगीर जॅकेटवरून पट्टे घट्ट वाटतात, पण धक्का बसला की जॅकेटमधली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो. पट्टे अंगासरसे लावून वरून गोधडी घालावी. आजीने शिवलेली गोधडी या कामाला फार छान.

तलावाचं पाणी वोबर्नसारख्या ठिकाणी साडेएकोणतीस अंश ठेवतात. बाहेर जानेवारीत दिवसाचं तापमान सातच्या आसपास. साडेएकोणतीस ऐकायला उबदार वाटतं, पण शरीर सदतीसचं आहे आणि लहान मुलाचं वजनाच्या मानाने अंग, म्हणजे कातडीचं क्षेत्रफळ, मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त. तेवढ्या वाटेने ऊब निघून जाते. आपण नुकते रमलेलो असतो तेव्हा त्यांचे ओठ निळसर होऊ लागतात. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. बाहेर काढायचं, टोपीवाला टॉवेल, काहीतरी खाऊ, आणि हवं तर पुन्हा एकदा. पोहण्याच्या नॅपीही वेगळ्या मिळतात. रोजच्या नॅपीतली भुकटी पाणी शोषण्यासाठीच केलेली असते. तिला तलावात नेलं तर ती आपलं काम इमानदारीने करते आणि मुलाच्या कमरेला उशी बांधल्यासारखी दिसते. एका मोठ्या माणसामागे किती लहान मुलं पाण्यात नेता येतात, याचा नियम प्रत्येक पार्कचा वेगळा असतो. एकच पालक दोन मुलांना घेऊन येणार असेल तर तो आधी विचारून घ्यावा, नाहीतर दारातून परत फिरावं लागतं.

तलावातून लॉजवर परतताना सासूबाईंचं आणि माझं दरवेळी वाजतं. त्यांच्या मते ओल्या केसांनी थंडीत गेलं की सर्दी होते. मी म्हणते, सर्दी विषाणूने होते. खरं म्हणजे आम्ही दोघीही केस कोरडे करूनच निघतो, कारण सर्दी कशानेही होवो, गारठलेलं मूल रस्ताभर रडतं. त्यांनी साताऱ्याहून आणलेल्या माकडटोप्यांना मी आधी हसले होते. कान, मान, हनुवटी एकाच घावात झाकणारी, ओढून काढता न येणारी दुसरी टोपी मला इंग्लंडात सापडलेली नाही. तोऱ्यातल्या गोंड्याच्या टोप्या दोन मिनिटांत डबक्यात जातात.

एक चूक मात्र सगळेच करतात. सायकल भाड्याने घेऊन मागे मुलांची छोटी गाडी जोडायची, हा अशा पार्कांमधला ठरलेला कार्यक्रम. ओढणाऱ्याला पाच मिनिटांत घाम फुटतो, तो जॅकेट काढतो आणि त्याला वाटतं हवा किती छान आहे. मागे हालचाल न करता बसलेल्याला तोवर हुडहुडी भरलेली असते. आपल्यापेक्षा त्यांना एक थर जास्त, आणि मधूनमधून थांबून मानेच्या मागे हात लावून बघायचं. हातपाय गार असणं चालतं, मान गार असली की परत फिरायचं. पायांचंही तसंच. रबरी बूट पाणी अडवतात, थंडी नाही. आत लोकरी मोजे हवेतच. लॉजमध्ये मात्र याच्या उलट: झोपायची खोली १६ ते २० अंशांवर ठेवावी, आणि अंगात झोपायची पिशवी असली तर वर आणखी पांघरूण नको.

आता सासूबाईंच्या भाताकडे येऊ. ॲल्युमिनिअमचा कुकर घरून नेला आणि लॉजमध्ये इंडक्शनची शेगडी निघाली, तर तो कुकर पेपरवेट म्हणूनच उपयोगी. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असा तळ लागतो. शेगडी कोणती आहे हे विचारा किंवा सरळ स्टीलचं जाड बुडाचं पातेलं न्या. दुसरी गोष्ट फोडणीची. लाकडी लॉजमधले धुराचे अलार्म फार तत्पर असतात. मोहरी तडतडून हिंग पडेपर्यंत ते ओरडू लागतात आणि मोठ्या कष्टाने झोपवलेली मुलं उठतात. फोडणी घरूनच करून बाटलीत न्यावी. मऊ तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, तूप आणि गोठवलेल्या पोळ्या एवढ्यावर दोन लहान पोटं चार दिवस निघतात. तिथल्या उपाहारगृहात एकदा जेवावं, साडेपाचच्या आत. इतर सशुल्क कार्यक्रमांचंही तेच. राहण्याच्या भाड्यात तलाव असतो, पण बाकी बरंच काही वेगळं बुक करावं लागतं आणि पैसे तिथेच गळतात. तीन वर्षांच्या मुलीला मातीची घुबडं रंगवायला बसवलं तर ती आठव्या मिनिटाला उठते. चार दिवसांत असा एक कार्यक्रम पुष्कळ झाला.

आजारपणाचा विचार मात्र बुकिंगच्या दिवशीच करायचा. नर्सरीत जाणारं मूल हिवाळ्यात महिन्यातून एकदा तरी नाक गळत घरी असतं. म्हणून लॉजमधून काय दिसतं यापेक्षा तारीख बदलता येते का, हे आधी वाचावं. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस इथे हिवाळ्यातच फोफावतो आणि हाताला लावायच्या जेलला तो दाद देत नाही. त्याला साबण आणि पाणीच लागतं. त्रास थांबून ४८ तास होईपर्यंत मुलाला इतर मुलांत न्यायचं नाही, तलावात तर नाहीच. कालपॉल हे तापाचं औषध, तापमापक, आणि रात्री-अपरात्री सल्ल्यासाठी १११ हा आरोग्यसेवेचा नंबर, एवढं बरोबर असावं. आणि 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब सुट्टीतही विसरू नयेत. एक ते चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम द्यावं, असं इथली आरोग्यसेवा सांगते. आपल्या सावळ्या कातडीला तर इथल्या उन्हातून ते आणखी कमी मिळतं.

राहिली पहाट. मुलांच्या पोटातलं घड्याळ सुट्टी मानत नाही. साडेपाचला दोघंही उठतात आणि उजाडायला अडीच तास असतात. यावर माझ्याकडे उपाय नाही. दोन नवीन पुस्तकं, एक बॅटरी, ठोकळे, आणि मोठ्यांपैकी एकाने उरलेल्यांना झोपू देण्याची पाळी, एवढंच करता येतं.

वोबर्नला तिसऱ्या दिवशी ती पाळी सासूबाईंनी मागून घेतली. रात्रभर जंगलात कुत्रं भुंकतंय, असं मी म्हणत होते. "कुत्रं नाही ते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्यांचं माहेर पाटणकडचं, कोयनेच्या खोऱ्यातलं. पावणेआठच्या सुमारास त्यांनी मला हलवून उठवलं. बाहेर करडा उजेड, आणि काचेच्या दारापलीकडे, अंगणात, कुत्र्याएवढं एक तपकिरी हरीण पाठीची कमान करून आमच्या भाकरीचे तुकडे हुंगत उभं. "बघ, भेकर!" त्यांचा अंदाज फारसा चुकला नव्हता. इथे त्याला मन्टजॅक म्हणतात, आणि ते आपल्या भेकराचं चिनी भावंड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डच्या ड्यूकने चीनमधून आणून याच वोबर्नच्या बागेत ठेवलं होतं. तिथून ते निसटलं आणि इंग्लंडभर पसरलं.

धाकट्याने काचेवर थाप मारली तसं ते कुंपणातून नाहीसं झालं आणि झाडीतून दोनदा भुंकलं. मग ही दोघंही भुंकू लागली. सासूबाई त्यांना माहेरचा खरा आवाज कसा असतो ते शिकवत होत्या. कढईतले पोहे सकाळी आठच्या अंधुक उजेडात गार होत होते.